जुन्या गाडीचे कार्पेट बदलताना तळाचा पत्रा कसा जपावा

पद्मिनी, ॲम्बॅसडर किंवा त्याच पिढीतली दुसरी गाडी नवे कार्पेट बसवण्यासाठी आमच्याकडे देणाऱ्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. कार्पेट कापून बसवण्याचे काम लवकर होते. त्याखालच्या पत्र्याच्या कामाला वेळ लागतो आणि तो वेळ आम्ही आपल्याकडे आग्रहाने मागतो. कुर्ल्याला तयार झालेली पद्मिनी काय किंवा उत्तरपाड्याच्या कारखान्यातून २०१४ पर्यंत निघत राहिलेली ॲम्बॅसडर काय, या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी (खालचा पोलादी सांगाडा) नसते. तळाचा पत्रा, दारांखालची सिल (पत्र्याची पोकळ पट्टी) आणि मधला बोगदा (तळाच्या मध्यावरचा लांबट उंचवटा) हे सारे मिळून गाडीचा भार पेलतात आणि सीटचे बोल्टही याच पत्र्यात आवळलेले असतात. त्यामुळे तळ सडला, तर प्रश्न केवळ दिसण्याचा राहत नाही.

कार्पेटमुळे गंज चढत नाही; कार्पेटखाली कोंडलेल्या पाण्यामुळे चढतो. जुन्या गाड्यांत कार्पेटखाली तागाचा नमदा (दाबून केलेला जाड थर) असतो. तो एकदा भिजला की वरून हाताला कोरडा लागला तरी खालून कित्येक आठवडे ओलसर राहतो. त्यावर फोमसकट लॅमिनेशन मॅट बसवलेली असेल, तर ओल वर यायलाही वाट उरत नाही. किनाऱ्यालगतच्या गाड्यांना त्यात मिठाची भर पडते. मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की स्वतःच हवेतले पाणी ओढून घेते, आणि मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीला पावसाळ्यात एवढी आर्द्रता रोजचीच असते. म्हणजे एक थेंबही आत गळला नाही, तरी चपलांबरोबर आलेली खारट माती पत्रा ओला ठेवू शकते.

म्हणून जुने कार्पेट निघाल्यावर आम्ही आधी पाण्याची वाट शोधतो. रिकाम्या, कोरड्या तळावर वर्तमानपत्राचे कागद पसरून एक माणूस टॉर्च घेऊन आत बसतो आणि दुसरा बाहेरून पाण्याची बारीक धार खालून वर अशी सावकाश नेतो. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि नेमकी जागा कळत नाही. बहुतेक वेळा दोष पुढच्या काचेच्या कडक झालेल्या रबरात, दाराच्या बीडिंगमध्ये किंवा पेडल व वायरिंगच्या भोकांवरच्या फाटक्या रबरी बुचांत सापडतो. दारांच्या आणि सिलच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेली भोके मातीने किंवा पूर्वीच्या डांबराने बुजलेली असतील, तर ती मोकळी करावीच लागतात. मागाहून एसी बसवलेल्या गाडीत त्याची पाण्याची नळी आतल्या आत सुटलेली नाही ना, हेही पाहावे लागते. गळती थांबेपर्यंत नवे कार्पेट बसवायचे नाही, हा आमचा नियम आहे. त्याला आम्ही अपवाद करत नाही.

त्यानंतर पत्र्याची खरी अवस्था कळते. आवाज दाबण्यासाठी पत्र्यावर चिकटवलेले डांबरी पॅड वरून शाबूत दिसले तरी त्यांच्या कडेवरून अंगठा दाबून फिरवावा. जिथे पॅड पोकळ लागते किंवा कड उचलली जाते, तिथे खाली पाणी शिरलेले असते. असे पॅड आम्ही गरम हवेच्या गनने मऊ करून खरवडून काढतो. घट्ट चिकटलेले चांगले पॅड मात्र उगाच उखडत नाही. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकून पाहतो: चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो. चालकाच्या टाचेखालची जागा आणि सिलला लागून असलेला सांधा आम्ही सर्वांत बारकाईने पाहतो, कारण स्पॉट वेल्डिंगने जोडलेल्या दोन पत्र्यांमध्ये गंज धरला की तो फुगून पत्रे एकमेकांपासून अलग करतो आणि वरून फक्त रंगाची एक बारीक रेघ फुटलेली दिसते.

पत्र्याला भोक पडले असेल, तर फायबर, लांबी (पुटी) किंवा डांबर भरून ते झाकणे आम्ही करत नाही. सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून तेवढ्याच जाडीचा तुकडा वेल्ड करणे हाच उपाय आहे. त्यापूर्वी गाडीची बॅटरी सोडवली जाते आणि तळाखालून जाणाऱ्या पेट्रोलच्या व ब्रेकच्या नळ्या बाजूला घेतल्या जातात.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने पापुद्रे निघेपर्यंत घासून, उरलेल्यावर फॉस्फोरिक ॲसिडचे गंजरोधक द्रावण लावले जाते. त्याने गंजाचे लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर होते, पण सुटे पापुद्रे राहिले तर द्रावण त्यांच्याखाली पोहोचत नाही. म्हणून घासण्याचे श्रम वाचवता येत नाहीत. डब्यावरील सूचनेप्रमाणे पत्रा साफ करून पूर्ण सुकवला, की दोन भाग मिसळून वापरायचा एपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) लागतो. साधा रेड ऑक्साइड प्रायमर स्वस्त पडतो, पण नुसता ठेवला तर त्यातून ओल पत्र्यापर्यंत झिरपते, म्हणून कार्पेटखाली आम्ही त्यावर भिस्त ठेवत नाही. सांध्यांत सीम सीलर (फटी बुजवणारा लेप) भरतो, वर रंगाचा हात देतो आणि सिलच्या पोकळीत मेणयुक्त द्रव फवारतो. सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना प्रायमर लावू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. त्यामुळे जमल्यास हे काम ऑक्टोबर ते मे या काळात द्यावे. भर पावसात दिलेली गाडी आम्हाला जास्त दिवस ठेवून घ्यावी लागते.

आवाज आणि उष्णता रोखण्यासाठी तागाच्या नमद्याऐवजी पाणी न शोषणारा, बंद छिद्रांचा फोम आम्ही सुचवतो. मूळ रूप जपण्यासाठी नमदाच हवा असेल, तर तोही बसवून देतो, मात्र सुटा, उचलता येईल असा. तळाला कार्पेट चिकटवण्याची मागणी आम्ही मान्य करत नाही. ते उचलता आले नाही, तर पुढची गळती कळणारच नाही.

गाडी घरी नेल्यावर दर पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी पुढच्या दोन्ही बाजूंचे कार्पेट उचलून खाली हात फिरवावा. ते भिजल्यास गाडीतच वाळत घालू नये, बाहेर काढून उन्हात टाकावे आणि पत्रा कोरडा झाल्यावरच परत बसवावे. आम्ही काम सुरू करण्यापूर्वी उघड्या तळाची छायाचित्रे आणि कापावयाच्या भागाचे लेखी अंदाजपत्रक आपल्याला देतो; आपली संमती आल्याशिवाय पत्र्याला कटर लावत नाही.