पदवीस्तरीय रसायनशास्त्र शिक्षकांच्या कार्यशाळा

पदवीच्या वर्गांना रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांसाठी घेतले जाणारे अल्पमुदतीचे प्रशिक्षण. शाळेत शिकवण्यासाठी बहुतेक देशांत अध्यापनाची वेगळी पदवी लागते. महाविद्यालयात मात्र संशोधन करून आलेला तरुण थेट फळ्यासमोर उभा राहतो आणि स्वतःला जसे शिकवले गेले तसेच शिकवू लागतो. ही उणीव भरून काढणे हा या कार्यशाळांचा मुख्य हेतू. काही कार्यशाळा विषयातील नव्या घडामोडींपुरत्या असतात. त्या उपयुक्त असल्या तरी त्यांतून वर्गातले शिकवणे फारसे बदलत नाही.

अध्यापनाची सर्वसाधारण तत्त्वे सांगणारे प्रशिक्षण रसायनशास्त्राला अपुरे पडते, कारण या विषयाची अडचण त्याची स्वतःची आहे. ग्लासगो विद्यापीठातील ॲलेक्स जॉनस्टन यांनी ती तीन पातळ्यांत मांडली: डोळ्यांना दिसणारा बदल, अणुरेणूंचे न दिसणारे जग, आणि सूत्रे-समीकरणांची चिन्हे. मुरलेला शिक्षक एकाच वाक्यात या तिन्ही पातळ्यांवर फिरून येतो आणि विद्यार्थी मागे राहिला हे त्याच्या लक्षातही येत नाही. गणित सुटले म्हणजे संकल्पना समजली असे नाही, हे सुसान न्यूरनबर्न आणि माइल्स पिकरिंग यांनी १९८७ मध्ये अमेरिकी विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून दाखवून दिले. वायूंची गणिते बरोबर सोडवणारी अनेक मुले त्याच वायूचे रेणूंचे चित्र ओळखताना चुकत होती.

चांगल्या कार्यशाळेत म्हणूनच शिक्षकालाच चित्र काढायला बसवतात. बंद भांड्यात नायट्रोजनचे तीन आणि हायड्रोजनचे सहा रेणू आहेत. अमोनिया पूर्ण तयार झाल्यावर भांड्यात काय दिसेल? अमोनियाचे चार रेणू आणि नायट्रोजनचा एक शिल्लक, हे उत्तर शिक्षकाला सोपे जाते. खरे काम त्यानंतर सुरू होते. विद्यार्थ्यांनी काढलेली चुकीची चित्रे समोर ठेवली जातात. कोणी समीकरणातला गुणक आणि सूत्रातला अंक एकच समजून सगळे अणू एकाच गुच्छात जोडलेले असतात, कोणी उरलेला रेणू काढलेलाच नसतो. प्रत्येक चुकीमागचा विचार कोणता आणि पुढचा प्रश्न काय विचारावा, यावर गटात खल होतो. विद्यार्थ्याची चूक अशी बारकाईने वाचायला शिकणे, हे या कार्यशाळांचे सर्वांत मोलाचे देणे आहे.

‘पोगिल’ ही गटांत शोध घेत शिकण्याची पद्धत १९९४ च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातील फ्रँकलिन अँड मार्शल कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या वर्गांतून पुढे आली आणि मुख्यतः कार्यशाळांमधूनच पसरली. या कार्यशाळांत प्राध्यापक स्वतः विद्यार्थी होऊन तीन-चार जणांच्या गटात बसतात. एक जण काम हाकतो, एक नोंदी करतो, एक गटाच्या वतीने बोलतो.

प्रयोगशाळेतल्या बदलांनाही हात बसवावा लागतो. अमेरिकेतील बोडॉइन कॉलेजात १९८० च्या दशकात आकाराला आलेल्या सूक्ष्मप्रमाण सेंद्रिय प्रयोगांत ग्रॅमऐवजी मिलिग्रॅममध्ये काम चालते. घातक बाष्प आणि टाकाऊ रसायने कमी होतात, पण पदार्थ एका भांड्यातून दुसऱ्यात काढताना भिंतीला थेंबभर चिकटला तरी उत्पादनाचा मोठा वाटा जातो. हे कौशल्य केवळ पुस्तिका वाचून येत नाही.

अशा उपक्रमांची मर्यादाही नोंदवली गेली आहे. डायन एबर्ट-मे व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील जीवशास्त्राच्या प्राध्यापकांच्या कार्यशाळांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. आपण विद्यार्थीकेंद्री शिकवतो असे बहुतेकांनी सांगितले, पण तासांच्या चित्रफितींत बहुसंख्यांचे व्याख्यानच चालू होते. दोन-चार दिवसांच्या उत्साहाने वर्षानुवर्षांची सवय मोडत नाही; नंतर सहकाऱ्याने तासाला येऊन बसणे आणि त्यावर मोकळी चर्चा होणे आवश्यक असते. प्रश्नपत्रिकेचाही विचार व्हायला हवा. परीक्षेत फक्त गणिते आणि पाठ व्याख्या विचारल्या, तर रेणूंची चित्रे काढण्यात वेळ घालवायला विद्यार्थी तयार होत नाहीत. यासाठी काही कार्यशाळांत सहभागी शिक्षकांना आपलीच जुनी प्रश्नपत्रिका आणायला सांगून तिच्यातले प्रश्न तिथेच नव्याने लिहून घेतात.