कोरड्या शर्टाचा फसवा दिलासा

वाळवंटातल्या डोंगरावर तासभर चढ चढून सायकलस्वार थांबतो, पाठीला हात लावून बघतो, तर शर्ट कोरडा. आज घाम फारसा आला नाही, असं त्याला वाटतं. हेल्मेटच्या पट्ट्यांवर मिठाच्या पांढऱ्या रेघा मात्र उमटलेल्या असतात. घाम भरपूर आला होता. कापड भिजायच्या आतच कोरड्या हवेने तो उचलून नेला.

किती आला, याचा अंदाज बांधता येतो. पॅडलवर १५० वॉट शक्ती लावायची तर शरीराला सुमारे ७०० वॉट ऊर्जा जाळावी लागते, कारण स्नायूंच्या ऊर्जेपैकी जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा पॅडलपर्यंत पोहोचतो. उरलेले साडेपाचशे वॉट म्हणजे निव्वळ उष्णता. एक लिटर घामाची वाफ होताना अंगातली सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. म्हणजे तासाला पाऊण लिटरहून जास्त घाम नुसत्या पॅडल मारण्यापायी. तापलेल्या खडकांची आणि उन्हाची भर धरली तर लिटरभर सहज. हवेचं तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, वर गेलं की उतारावरचा वाराही अंगाला उष्णताच देतो. मग गारवा मिळण्याचा एकच मार्ग उरतो, तो घामाचा. कोरड्या हवेत हा मार्ग फार उत्तम चालतो, पण त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते.

तहानेवर विसंबावं, तर तीही मागे पडते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडवर्ड अ‍ॅडॉल्फ या शरीरशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर अभ्यास केला. हवं तेवढं पाणी हाताशी असूनही माणसं गमावलेल्या पाण्यापेक्षा कमीच पितात, हे त्यात दिसलं. कमी पाण्यावर राहण्याची शरीराला सवय लावता येते, हा तेव्हाचा समजही खोटा ठरला. मला या अभ्यासातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण ‘मला जास्त पाणी लागत नाही’ असं अभिमानाने सांगणारे सायकलस्वार आजही भेटतात.

आता फेरी संपल्यावरची संध्याकाळची बिअर. धुळीने घसा कोरडा पडलेला असताना गार, फेसाळ, कडवट घोट इतका सुखाचा का लागतो? गारवा आणि बुडबुडे तोंडातच तहान शमवतात, पाणी रक्तात पोहोचण्याच्या कितीतरी आधी. कडवटपणा बिअरमध्ये घालतात त्या हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलोऱ्यातला. त्यातल्या आम्लांची रचना उकळताना बदलते आणि ती बिअरमध्ये विरघळतात. या चवीची मजा खरीच आहे, पण तहान शमली म्हणजे पाणी भरून आलं असं नाही.

मेंदूतून येणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगतं. अल्कोहोल त्याचं स्रवणं दाबतं, आणि राखायचं पाणी लघवीवाटे जातं. किती अल्कोहोलने फरक पडतो, हे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तपासलं गेलं. व्यायामाने पाणी गमावलेल्यांना शून्य, १, २ आणि ४ टक्के अल्कोहोल असलेली पेयं दिली. २ टक्क्यांपर्यंत विशेष फरक दिसला नाही. ४ टक्क्यांना लघवी वाढली आणि रक्तातला द्रव भरून यायला उशीर लागला. क्राफ्ट बिअरमधली, म्हणजे छोट्या कारखान्यांत बनणाऱ्या बिअरमधली, आयपीए ही कडवट बिअर बहुधा ६-७ टक्क्यांची असते, स्टाउट या काळ्या बिअरचे काही प्रकार तर १० टक्के ओलांडतात. शिवाय लिटरभर घामाबरोबर साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, तर लिटरभर बिअरमध्ये ते सहसा शंभर मिलिग्रॅमहूनही कमी असतं. नुसतं साधं पाणी ढोसत राहणंही घातक, कारण रक्तातलं सोडियम पातळ होऊन मेंदूला सूज येऊ शकते. म्हणून आधी खारट जेवण आणि पाणी, मग ग्लास. सकाळी आणि संध्याकाळी वजन केलं तर हिशेब आणखी नेमका होतो: घटलेला एक किलो म्हणजे जवळपास एक लिटर पाणी.

रात्री हीच कोरडी हवा उलटी वागते. वाफ आणि ढग फारसे नसल्याने जमिनीची उष्णता सरळ आकाशात निघून जाते आणि पारा झपाट्याने उतरतो. अल्कोहोलने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगाला ऊब वाटते, प्रत्यक्षात आतली उष्णता बाहेर पडत असते. तेव्हा जाकीट पहिल्या ग्लासाआधीच चढवावं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढ असेल तर सकाळच्या लघवीचा रंग बघावा. तो गडद असेल तर पाणी आणि खारट नाश्ता पोटात जाऊन तासभर होईपर्यंत सायकल उभीच राहू द्यावी.