सोळाशे मीटर आणि दीड भाकर

खेडा खरेदीवाला गावात कापूस घ्यायला आला की त्याचा इलेक्ट्रॉनिक काटा पाराजवळ मांडला जातो. दोन गाठोड्यांच्या मध्ये जरा उसंत मिळाली की कोणीतरी पोट्टं त्यावर उभं राहून वजन बघून घेतं. दिवाळीनंतरच्या पहिल्या वेच्याला माझा पुतण्या असाच उभा राहिला, तेव्हा काटा ५८ किलो ४०० ग्रॅमवर थांबला होता. संक्रांतीच्या सुमारास तो पुन्हा उभा राहिला आणि आकडा आला ५६. "काका, हा काटा मारते," तो म्हणाला. खरेदीवाला हसला. काटा मारतो की नाही, हे त्याचं त्याला माहीत; पण पोराचे गाल बसले होते, हे काट्याशिवायही दिसत होतं.

पोरगं पोलीस भरतीच्या मागे लागलं आहे. ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, ५० गुणांचं असतं. मुलांसाठी १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. त्यासाठी रोज पहाटे पावणेपाचला फाट्यापर्यंतचा डांबरी रस्ता धरायचा, जाऊन-येऊन आठ किलोमीटर, त्यातले शेवटचे काही राऊंड जीव खाऊन. घरी येतो तेव्हा वहिनी भाकर टाकत असतात. तो ताटाकडे बघतो आणि म्हणतो, "जेवाले मनच नाही होत न माय." अकरा वाजता कशीबशी दीड-दोन भाकरी खातो. त्याच घरात माझा भाऊ दिवसभर बैलांनी डवरणी (कोळपणी) करून आला की तीन भाकरी, वर गंजभर वरण आणि ठेचा संपवतो. दोघंही घाम गाळतात. मग एकाची भूक खवळते आणि दुसऱ्याची मरते, हे कसं?

या प्रश्नाला जवळजवळ सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला एक मोठा तुकडा आपल्याच देशातला आहे. जाँ मेयर नावाच्या आहारशास्त्रज्ञाने बंगाली सहकाऱ्यांसोबत पश्चिम बंगालमधल्या ज्यूट गिरणीतल्या २१३ माणसांचं खाणं, वजन आणि काम तपासलं. हा अभ्यास १९५६ साली छापून आला. हलक्या कामापासून जड कामापर्यंत जसजसं अंगमेहनतीचं प्रमाण वाढत गेलं, तसतसं खाणंही वाढलेलं दिसलं. म्हणजे हमालाची भूक हमालीच्या मापाची होती. (गंमत अशी की गादीवर बसून राहणारे हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते.) पण त्याआधी दोन वर्षं याच मेयरने उंदरांवर प्रयोग केले होते. त्यांना रोज तासन्‌तास पळवलं. मध्यम पळण्यापर्यंत खाणं वाढत गेलं, पण दमून पडेपर्यंत पळवल्यावर उंदीर कमी खायला लागले आणि त्यांचं वजन उतरलं.

माझा भाऊ त्या गिरणीकामगारांच्या रांगेतला आहे. डवरा दिवसभर चालतो, पण संथ चालतो. श्वास लागत नाही, बैलांशी बोलता येतं. पुतण्या त्या दमलेल्या उंदरांच्या रांगेत गेला आहे.

आत काय घडतं ते आता बरंच कळलं आहे. पोट रिकामं असताना जठराच्या अस्तरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि ते मेंदूला 'जेवण बघा' असा निरोप देतं. जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी ते १९९९ साली शोधलं. जोरात पळाल्यावर या घ्रेलिनचं कामाचं रूप रक्तात घटतं, आणि आतड्यातून निघणारी 'पुरे आता' सांगणारी संप्रेरकं, पीवायवाय आणि जीएलपी-१, वाढतात. शिवाय पळताना रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळवलं जातं. पोटाच्या वाट्याचं रक्त निम्म्याच्याही खाली येऊ शकतं. २०२२ मध्ये आणखी एक दुवा सापडला. दमछाक करणाऱ्या व्यायामात स्नायूंमधून जे लॅक्टेट बाहेर पडतं, ते फेनिलॲलनिन या अमिनो आम्लाला जोडलं जाऊन 'लॅक-फे' नावाचा रेणू तयार होतो. लठ्ठ उंदरांना तो टोचला तर त्यांचं खाणं कमी होतं. माणसांत आणि शर्यतीच्या घोड्यांतही व्यायामानंतर तो वाढलेला दिसला. माणसांत सर्वांत जास्त कशाने वाढला, तर थांबून-थांबून केलेल्या स्प्रिंटसारख्या जोरदार व्यायामाने. पुतण्या शेवटचे राऊंड जीव खाऊन मारतो ना, जवळजवळ तेच.

हा परिणाम तास-दोन तासांत ओसरतो. पण ओसरल्यावर राहिलेली भरपाई भूक त्याच दिवशी मागून घेते, असं नाही. १९५५ साली ब्रिटनमधल्या एडहोम आणि सहकाऱ्यांनी सैन्यात तयार होणाऱ्या १२ कॅडेटांनी खर्च केलेल्या ऊर्जेचा आणि खाण्याचा रोजचा हिशेब ठेवला होता. ज्या दिवशी जास्त मेहनत, त्या दिवशी जास्त जेवण, असं काही जुळेना. संबंध दिसला तो दोन दिवसांनंतरच्या जेवणाशी. उधारी वसूल करायला भूक परवा येते. रोजच उधारी होत असेल आणि वसुलीच्या दिवशीही पहाटे पुन्हा पळायचं असेल, तर खातं कधी मिटणार?

मी पुतण्याला समोर बसवून एका दिवसाचा हिशेब मांडला. सकाळी दोन कप चहा आणि बिस्किटं, धरा २५० कॅलरी. अकराला दोन लहान भाकरी आणि भाजी, ६००. दुपारी चौकात तर्री-पोहे, ३००. रात्री भात, पातळ वरण, एक पोळी, ५००. बेरीज १६५०. पळण्याचा खर्च काढायला एक सोपा आडाखा आहे: दर किलो वजनाला, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी. ५६ किलोचा पोरगा आठ किलोमीटर पळाला म्हणजे ४५०. उरले १२००. यात हृदय, मेंदू, रक्त, हाडं, वाढ, शेतातलं काम, सगळं भागवायचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या शिफारशीत ६५ किलोच्या मध्यम मेहनतीच्या पुरुषाला २७१० आणि जड मेहनतीच्या पुरुषाला ३४७० कॅलरी सांगितल्या आहेत. पुतण्याच्या वजनाला कमी करून धरलं तरी रोज सातशेच्या आसपास तूट होती.

क्रीडावैद्यकात या उरलेल्या आकड्याला चरबी वगळून उरलेल्या वजनाने भागतात. पुतण्याचं असं वजन ५० किलो धरलं तर प्रत्येक किलोच्या वाट्याला २४ कॅलरी आल्या. ४५ च्या आसपास असेल तर शरीर निवांत चालतं. ३० च्या खाली गेलं की ते काटकसर सुरू करतं. ही ३० ची रेघ मुख्यतः स्त्रियांवरच्या प्रयोगांतून आली आहे. पुरुषांसाठी ती इतकी पक्की नाही, पण दिशा तीच. काटकसर म्हणजे काय, तर पुनरुत्पादनाची संप्रेरकं, हाडांची डागडुजी, प्रतिकारशक्ती, सगळं मंदावतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्या बिघाडाला मिळून एक नाव दिलं, 'रेड-एस', म्हणजे खेळाडूंमधली ऊर्जेची सापेक्ष कमतरता.

म्हणून मुलींबद्दल इथेच बोलतो. ग्राउंडवर आता मुलीही असतात, त्यांना ८०० मीटर असतं. आमच्याकडे घरात सगळ्यांचं झाल्यावर बायका जेवतात, आणि भरतीची पोरगीही त्याच पंगतीत असते. दोन-तीन महिने पाळी आली नाही की मैदानावरच्या मैत्रिणी सांगतात, 'प्रॅक्टिस चांगली चालू आहे म्हणून तसं होते.' हे साफ चूक आहे. प्रयोगशाळेत ३० च्या खाली अवघे पाच दिवस ठेवलं तरी पाळी चालवणाऱ्या संप्रेरकाची लय बिघडलेली दिसली आहे. पाळी थांबली म्हणजे इस्ट्रोजेन कमी झालं, हाडं विरळ व्हायला लागली, आणि मग नडगीच्या हाडाला बारीक चिरा पडतात. अशी नडगी घेऊन कोणतंच ग्राउंड मारता येत नाही.

बरं, भूकच नाही तर खायचं कसं? पहिली गोष्ट, भुकेची वाट बघायची नाही. घ्रेलिन रोजच्या जेवणाच्या वेळेआधी आपोआप चढतं. वेळ ठरवली की पोट हळूहळू ती वेळ ओळखायला लागतं.

दुसरी, पळून आल्यावर भाकर पुढ्यात घेऊ नये, पेला घ्यावा. प्यायलेल्या कॅलरींची नोंद मेंदू नीट ठेवत नाही. अमेरिकेत १५ जणांना चार आठवडे रोज ४५० कॅलरींचा गोड गोळ्यांचा खाऊ दिला आणि आणखी चार आठवडे तेवढ्याच कॅलरींचं गोड पेय दिलं. खाऊच्या वेळी लोकांनी बाकीचं जेवण आपोआप कमी केलं, पेयाच्या वेळी केलं नाही. हा निष्कर्ष २००० साली आला आणि तेव्हापासून वजन वाढतं म्हणून शीतपेयांच्या विरोधात वापरला जातो. आपल्याला तो उलटा वापरायचा आहे.

आणि त्यासाठी आमच्याकडे सातू आहे. भाजलेले गहू आणि डाळवं दळून केलेलं पीठ, जरा सुंठ, जरा जिरं. उन्हाळ्यात आमची आजी पितळेच्या गडव्यात गुळाचं पाणी करायची, पीठ सोडायची आणि बोटांनी गुठळ्या मोडत राहायची. एकही गुठळी राहिली तर आजोबा परत पाठवायचे. साठ ग्रॅम सातू, वीस ग्रॅम गूळ आणि पेलाभर म्हशीचं दूध, एवढ्यात पाचशेच्या आसपास कॅलरी होतात. फाट्यापर्यंतची सगळी दौड यात वसूल. पुतण्याला मी तो एकदम प्यायला सांगितला नाही. अर्धा आल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी, अर्धा आंघोळ झाल्यावर. पहिल्या दिवशी त्याने घट्ट केला आणि ओकला. मग पातळ केला.

तिसरी गोष्ट तेलाची. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थात नऊ कॅलरी, पीठ-साखरेत चार. वैदर्भी गोळाभातावर जिरं-मोहरी-लसणाचं कढत तेल ओततात, बाहेरून आलेला पाहुणा ते बघून दचकतो. पळीभर तेल, म्हणजे पंधरा ग्रॅम, पोट न फुगवता सव्वाशेवर कॅलरी देऊन जातं. जवसाची चटणी दोन चमचे, शंभरभर. मूठभर शेंगदाणे, दीडशे ते पावणेदोनशे. मात्र तेलाने जठर उशिरा रिकामं होतं, म्हणून हे सगळं रात्रीच्या आणि दुपारच्या जेवणात. पळण्याआधी केळं किंवा गूळ-पाणी बास. ज्वारीची भाकर गुणाची आहे, पण तंतूंमुळे पोट लवकर भरवते. भूक मेलेली असेल तेव्हा रात्री तिच्या जोडीला भात वाढवावा.

ठेच्याचीही बाजू घेतो. एकाच चवीचा लवकर कंटाळा येतो, दुसरी चव आली की पुन्हा चार घास जातात. ताटात लोणचं, ठेचा, कांदा ठेवण्यामागे हेच आहे, फक्त आपण त्याला शास्त्र म्हणत नाही.

पुतण्याने मध्येच शहरातून प्रोटीनचा डबा आणला होता. एका चमच्यात चोवीस ग्रॅम प्रथिनं आणि सव्वाशेच्या आत कॅलरी. प्रथिनं हवीत, पण सगळ्या अन्नात पोट भरल्याची जाणीव सर्वांत जास्त तीच देतात. आणि एकूण इंधन तुटपुंजं असलं तर शरीर ती महागडी प्रथिनंही चुलीत घालतं. तुरीचं वरण, फुटाणे, अंडी, दूध यांत त्याचं भागत होतं. डबा आता वहिनींच्या हळदीसाठी आहे.

उन्हाचंही आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा अन्न पचवताना निघणारी उष्णता शरीराला नको असते, म्हणून ते भूक दाबतं. पाणी कमी पडलं तरी दाबतं. पळण्याआधी आणि नंतर वजन करा. किलोभर उतरलं असेल तर ते जवळजवळ लिटरभर पाणी आहे, मीठ घातलेला मठ्ठा आधी. मोठं जेवण ऊन उतरल्यावर, अंगणात बाज टाकल्यावर.

आणि आता ती गोष्ट, जी पोरं काकाला सांगत नाहीत. पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घालून घोटलेला खर्रा. निकोटीन मेंदूतल्या भूक आवरणाऱ्या पेशींनाच चेतवतं. पहाटे दौड, नंतर चहा, वर खर्रा: भूक मारण्याचे तीन उपाय एका तासात. पुतण्याच्या खिशात पन्नी सापडली तेव्हा मी काहीच बोललो नाही. वहिनी बोलल्या, आणि पुरेसं बोलल्या.

एवढं करूनही भूक येत नसेल, वजन उतरतच असेल, संध्याकाळी ताप, खोकला, डोळे पिवळे, धाप किंवा सांध्यांत कळा असतील, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तपासणी करावी. क्षय, कावीळ, जंत, रक्तक्षय यांत भूक मरते. आणि चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याकडच्या पोरांनी सिकलसेलची (रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची) तपासणी पळायला लागायच्या आधीच करून घ्यावी. फक्त वाहक असले तरी उन्हात, पाण्यावाचून जीव तोडून पळणं त्यांना धोक्याचं ठरू शकतं.

फाल्गुनात फरदडीचा शेवटचा कापूस द्यायला काटा पुन्हा आला. पुतण्या चपला काढून उभा राहिला. ५७ किलो ३००. तो काही बोलायच्या आत खरेदीवालाच म्हणाला, "पाय बाजूला घे बे, पुढचं गाठोडं येऊ दे."