शिंक आली की मांड्या आवळायच्या, हे किती दिवस चालवणार?

दोन बाळंतपणं झाली ना, मग खोकताना थोडी लघवी होणारच, असं आपल्याकडे बायका एकमेकींना इतक्या सहज सांगतात की कुणाला ती तक्रार वाटतच नाही. पण यावर व्यायाम आहे आणि तो चांगलाच लागू पडतो.

ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी टांगलेली असते, लघवीची पिशवी, गर्भाशय, गुदाशय सगळं तिच्या आधाराने. नॉर्मल डिलिव्हरीत यातला काही भाग मूळ लांबीच्या तिपटीपेक्षा जास्त ताणला जातो, असं मिशिगनच्या संशोधकांनी 2004 मध्ये कॉम्प्युटर मॉडेलवर दाखवलं. आणि एवढं होऊनही आपल्याकडे सव्वा महिना मालिश, शेक, पोटाला पट्टा सगळं साग्रसंगीत, पण या स्नायूंची चौकशी कोणी करत नाही! फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर या स्नायूंच्या फिजिओथेरपीचे, म्हणजे व्यायामोपचाराचे, सेशन सरकारी विम्यातून मिळतात.

व्यायामाला केगल म्हणतात, कारण अमेरिकेतले डॉ. अर्नोल्ड केगल यांनी 1948 मध्ये तो मांडला. वारा सरताना अडवतो तसं आवळून आत वर ओढायचं, सहा-आठ सेकंद धरायचं, मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं, पोट-मांड्या-कुल्ले ढिले आणि श्वास चालू. असं 8 वेळा, दिवसातून 3 दा, किमान 3 महिने. लघवी करता करता मध्येच थांबवून रोज प्रॅक्टिस करायची नाही हां. खोकला येतोय असं वाटलं की खोकायच्या आधीच आवळून घ्यायचं, ही छोटी युक्ती तर भलतीच कामाची.

सोपं वाटतं ना? 1991 च्या एका अभ्यासात नुसतं तोंडी समजावल्यावर साधारण निम्म्याच बायकांना हे नीट जमलं, आणि पावएक जणी तर उलट खाली जोर देत होत्या. म्हणून फिजिओ लागते. ती आधी नीट विचारपूस करते, मग तुमची परवानगी घेऊन हातमोजा घालून योनीमार्गात बोटाने तपासते, स्नायू आवळतोय का, आणि सैल सुटतोय का.

हे सैल सुटणं फार महत्त्वाचं. लग्नानंतर संबंधांच्या वेळी खूप दुखतं म्हणणाऱ्या काही मुलींचे हे स्नायू आधीच घट्ट आवळलेले असतात, त्यांना यूट्यूब बघून केगल करायला लावलं तर दुखणं वाढू शकतं, त्यांना श्वासाचे आणि ढिले सोडायचे व्यायाम लागतात. उड्या मारणाऱ्या खेळाडू मुलींनाही मूल व्हायच्या आधीच लघवी गळायचा त्रास असू शकतो, त्या बिचाऱ्या कुणाला सांगणार?

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी होतं, कोरडेपणा येतो, लघवीची घाई होते, तेव्हा व्यायामाच्या जोडीला डॉक्टर लावायचं क्रीमही देतात. अंग, म्हणजे गर्भाशय वगैरे, थोडं खाली आलं असेल तर व्यायामाने जडपणा कमी होतो, पण पूर्ण बाहेर येत असेल तर आत बसवायची रिंग किंवा ऑपरेशन, ते डॉक्टर ठरवतील. आणि लघवीत रक्त दिसलं तर व्यायाम राहू दे, आधी दवाखाना गाठा.