महाविद्यालयीन बेसबॉलपटूंची ड्राफ्ट-पात्रता

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉल संघांना महाविद्यालयात शिकणारा खेळाडू केव्हा निवडता येतो, हे ठरवणारे नियम. मेजर लीग बेसबॉल (एमएलबी) या तेथील सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या नियमावलीतील चौथ्या नियमाखाली ही वार्षिक निवड (‘ड्राफ्ट’; यात संघ फेरीफेरीने, ठरलेल्या क्रमाने खेळाडू निवडतात) होते, म्हणून तिला ‘रूल फोर ड्राफ्ट’ असेही नाव आहे. डिसेंबरात होणारा ‘रूल फाइव्ह ड्राफ्ट’ निराळा. त्यात दुसऱ्या संघाच्या दुय्यम (मायनर) लीगमध्ये अडकून पडलेले, आधीच करारबद्ध असलेले खेळाडू उचलले जातात. प्रस्तुत नोंदीत फक्त पहिल्या प्रकाराचा विचार केला आहे.

मराठी वाचकाचा गोंधळ संज्ञांपासूनच सुरू होण्याचा संभव आहे. महाराष्ट्रात ‘ज्युनियर कॉलेज’ म्हणजे अकरावी-बारावी. अमेरिकेत बारावी हायस्कुलातच संपते आणि तेथील ज्युनियर कॉलेज हे त्यानंतरचे दोन वर्षांचे महाविद्यालय असते; ‘कम्युनिटी कॉलेज’ हे त्याचे अधिक रूढ नाव. चार वर्षांच्या महाविद्यालयातील वर्षांना अनुक्रमे फ्रेशमन, सॉफमोर, ज्युनियर आणि सीनियर म्हणतात. म्हणजे ‘ज्युनियर’ हा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी; त्याचा ज्युनियर कॉलेजशी संबंध नाही.

पात्रतेचे नियम : खेळाडू अमेरिका, कॅनडा किंवा प्वेर्तो रिकोसारख्या अमेरिकी प्रदेशाचा रहिवासी असावा आणि त्याने पूर्वी मेजर वा मायनर लीगचा करार केलेला नसावा, ही मूळ अट. हायस्कूल पूर्ण केलेला आणि महाविद्यालयात न गेलेला खेळाडू थेट पात्र असतो. त्याने चार वर्षांच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला की मात्र दार बंद होते. ते पुन्हा उघडते तिसरे किंवा चौथे वर्ष पूर्ण झाल्यावर, अथवा वयाची २१ वर्षे भरल्यावर. ज्युनियर कॉलेजच्या खेळाडूला असे थांबावे लागत नाही; पहिले वर्ष संपो वा दुसरे, तो दरवर्षी पात्र असतो.

वयाच्या अटीला एक सवलत जोडलेली होती. ड्राफ्टच्या दिवशी २१ पूर्ण नसली तरी त्यानंतर ४५ दिवसांच्या आत पूर्ण होत असतील तर खेळाडू पात्र धरला जाई. यातून ‘ड्राफ्ट-पात्र सॉफमोर’ हा लहान पण महत्त्वाचा वर्ग तयार झाला. आर्कान्सा विद्यापीठाचा अँड्र्यू बेनिन्टेंडी ६ जुलै १९९४ चा. जून २०१५ मध्ये तो दुसऱ्या वर्षात होता आणि २१ पूर्ण व्हायला महिनाही उरला नव्हता. बॉस्टन रेड सॉक्सने त्याला सातव्या क्रमांकावर घेतले. व्हँडरबिल्टचा जॅक लायटर २०२१ मध्ये सॉफमोर असतानाच दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला, तेव्हा त्याची २१ वर्षे एप्रिलमध्येच भरली होती. २०२१ पासून ड्राफ्ट जूनऐवजी जुलैत होऊ लागल्याने जन्मतारखेची ही सीमाही पुढे सरकली.

येथे एक भेद लक्षात ठेवावा लागतो. दुखापतीमुळे वा अन्य कारणाने एखादा हंगाम न खेळलेला विद्यार्थी (याला ‘रेडशर्ट’ म्हणतात) वर्गात तिसऱ्या वर्षाला असूनही खेळाच्या हिशेबात दुसऱ्या वर्षाचा राहतो. असे खेळाडू बहुधा वयाच्या अटीवर पात्र ठरतात, त्यामुळे व्यवहारात अडचण येत नाही. वृत्तपत्रांतील ‘सॉफमोर’ या शब्दावरून मात्र पात्रतेचा निष्कर्ष काढू नये.

बास्केटबॉल व अमेरिकन फुटबॉलमध्ये शिक्षण पूर्ण होण्याआधी ड्राफ्टमध्ये उतरू इच्छिणाऱ्या खेळाडूला तसे जाहीर करावे लागते. बेसबॉलमध्ये तशी घोषणा नाही. अटी पूर्ण झाल्या की नाव आपोआप यादीत येते, संघ त्याला निवडतो, आणि करार न जमल्यास खेळाडू महाविद्यालयात परतून पुढच्या वर्षी पुन्हा पात्र होतो. या व्यवस्थेतील पुढची बहुतेक ताणाताण या एका सोयीतून निघाली आहे.

उगम : ड्राफ्टपूर्व काळात खेळाडू कोणत्याही संघाशी बोलणी करू शके. करार करताना नवोदिताला मिळणाऱ्या रकमेला ‘बोनस’ म्हणत; त्याबाबत श्रीमंत संघांना आवर घालण्यासाठी १९४७ च्या सुमारास ‘बोनस नियम’ आला. तो मध्यंतरी रद्द झाला आणि १९५२ च्या अखेरीस अधिक कडक रूपात परतला. ४,००० डॉलरपेक्षा जास्त बोनस दिलेल्या नवोदिताला दोन वर्षे मेजर लीगच्या संघातच ठेवावे लागे. सिनसिनाटी विद्यापीठातून ब्रुकलिन डॉजर्सकडे आलेला सँडी कूफॅक्स याच नियमामुळे मायनर लीगमध्ये न घडता बाकावर बसून राहिला. नियम टिकला नाही. १९६४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रिक रायकार्टला लॉस एंजेलिस एंजल्सने दोन लाख डॉलरहून अधिक बोनस दिला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस संघमालकांनी ड्राफ्टला मान्यता दिली. रायकार्टचा करार हेच ड्राफ्टचे कारण असे सरसकट लिहिले जाते. निर्णयाला त्याने घाई आली हे खरे, पण बोनसवर अंकुश ठेवण्याचे प्रयत्न त्याआधी सतरा-अठरा वर्षे चालू होते. त्यामुळे त्याला कारणापेक्षा निमित्त म्हणणे अधिक योग्य वाटते.

पहिला ड्राफ्ट ८ जून १९६५ रोजी न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला. पहिली निवड कॅन्सस सिटी अॅथलेटिक्सची : अॅरिझोना स्टेट विद्यापीठाचा रिक मंडे. पुढच्या वर्षी त्याच संघाने त्याच विद्यापीठाच्या रेजी जॅक्सनला दुसऱ्या क्रमांकावर घेतले. या दोन निवडींकडे पात्रतेच्या इतिहासाच्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. दोघेही निवडीच्या वेळी सॉफमोर होते. मंडे १९ वर्षांचा होता, तर जॅक्सनला नुकतीच २० पूर्ण झाली होती. आजच्या नियमाने दोघेही अपात्र ठरले असते. म्हणजे तिसऱ्या वर्षाची अट ड्राफ्टबरोबर जन्मली, हा सर्वत्र आढळणारा समज चुकीचा आहे.

आजचे रूप केव्हा आले, याचा खालचा टोकबिंदू अशा प्रकारे १९६६ हा मिळतो. वरचा टोकबिंदू १९७८ चा मानता येईल. त्या वर्षी अॅरिझोना स्टेटचाच बॉब हॉर्नर तिसरे वर्ष संपवून पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. त्याचा जन्म ६ ऑगस्ट १९५७ चा. जूनमधील ड्राफ्टच्या वेळी तो विसाव्या वर्षात नव्हे, विशी पूर्ण करून एकविशीच्या उंबरठ्यावर होता, पण ४५ दिवसांच्या आत मात्र नव्हता. त्याची पात्रता वयावर नसून वर्षावर होती, हे यावरून दिसते. (हॉर्नर एकही दिवस मायनर लीगमध्ये न खेळता अटलांटा ब्रेव्हजच्या मुख्य संघात उतरला.) या बारा वर्षांत महाविद्यालयीन प्रशिक्षकांचा दबाव आणि संघांची सोय यांच्या रेट्याने नियम टप्प्याटप्प्याने घट्ट झाला असावा.

२१ हाच आकडा का, याची दोन स्पष्टीकरणे संभवतात. एक शैक्षणिक : अठराव्या वर्षी दाखल झालेला विद्यार्थी तीन वर्षांनी २१ चा होतो, म्हणून वय आणि वर्ष ही एकाच मापाची दोन नावे. दुसरे कायद्याचे : त्या काळी अमेरिकेतील बहुतेक राज्यांत सज्ञानतेचे वय २१ होते आणि अज्ञान (अल्पवयीन) व्यक्तीने केलेला करार तिला मोडता येई. १९७१ च्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय १८ केल्यावर राज्यांनी सज्ञानतेचे वयही उतरवले. दुसरे स्पष्टीकरण आकर्षक आहे, पण हायस्कूलच्या १७-१८ वर्षांच्या मुलांना त्याच ड्राफ्टमध्ये खुशाल घेतले जात होते याचे उत्तर ते देत नाही. पहिल्याकडेच झुकावे लागते.

सीव्हर प्रकरण : आरंभीच्या वर्षांत दुसरा ड्राफ्ट जानेवारीत होत असे, आणि आधी निवडूनही करार न झालेल्यांसाठी ‘दुय्यम फेरी’ असे. जानेवारीतील ही पद्धत १९८६ पर्यंत चालली. तिच्यातून उद्भवलेला सर्वांत प्रसिद्ध पेच टॉम सीव्हरचा. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या या गोलंदाजाला डॉजर्सने जून १९६५ मध्ये दहाव्या फेरीत निवडले. करार झाला नाही. जानेवारी १९६६ मध्ये दुय्यम फेरीत ब्रेव्हजने निवडले आणि फेब्रुवारीत करारही झाला. परंतु महाविद्यालयाचा हंगाम सुरू झाल्यावर करार करण्यास मनाई होती, आणि विद्यापीठाचे सराव सामने तोवर सुरू झाले होते. सीव्हर त्यांत खेळला नव्हता. तरीही एमएलबीचे कमिशनर (प्रमुख) विल्यम एकर्ट यांनी करार रद्द ठरवला. सीव्हर विद्यापीठाकडे परतू पाहतो तर नॅशनल कॉलेजिएट अॅथलेटिक असोसिएशन (एनसीएए) या महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संस्थेने त्याला व्यावसायिक करार केल्याबद्दल अपात्र ठरवले. रद्द झालेल्या करारामुळे व्यावसायिक संघाचे दार बंद आणि त्याच करारामुळे महाविद्यालयाचेही बंद, अशी त्याची कोंडी झाली. अखेर ब्रेव्हजच्या रकमेएवढी रक्कम देण्यास तयार असलेल्या संघांत चिठ्ठी काढण्याचे ठरले. मेट्स, फिलीज आणि इंडियन्स पुढे आले, आणि एप्रिलच्या सुरुवातीस मेट्सची चिठ्ठी निघाली. बोनसचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात. ४०,००० ते ५०,००० डॉलरच्या आसपास ते असावेत. १९६९ ची वर्ल्ड सिरीज (एमएलबीची अजिंक्यपद मालिका) आणि एकूण ३११ विजय हे पुढचे. या प्रकरणाचे खरे महत्त्व असे की, दोन संस्थांचे दोन नियम एकमेकांशी न जुळवता लावले तर मधला विद्यार्थी कसा चिरडला जातो, हे त्याने प्रथमच उघड केले.

सौदाशक्ती : ज्युनियर खेळाडूला बोनस कमी वाटला तर चौथ्या वर्षासाठी तो महाविद्यालयात परतू शकतो. सीनियरला ती मुभा नाही, म्हणून तीच गुणवत्ता एका वर्षात स्वस्त होते. २०१२ पासून प्रत्येक संघाच्या बोनस-खर्चाला एकत्रित मर्यादा आली. ती ५ टक्क्यांपर्यंत ओलांडल्यास जादा रकमेवर ७५ टक्के कर बसतो, त्यापुढे गेल्यास भावी पहिल्या फेरीची निवड गमवावी लागते. परिणामी संघ पहिल्या दहा फेऱ्यांतच काही सीनियर नाममात्र बोनसवर घेऊ लागले आणि वाचलेली रक्कम हायस्कूलच्या महागड्या मुलाकडे वळवू लागले. चार वर्षे शिकून पदवी घेणाऱ्याला मिळणारी ही वागणूक अन्याय्य आहे, असे स्पष्ट म्हणायला हवे.

मार्क अॅपेल हा ठळक अपवाद. स्टॅनफर्डच्या या गोलंदाजाने २०१२ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सचे ३८ लाख डॉलर नाकारले. २०१३ मध्ये सीनियर म्हणून तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि ह्यूस्टन अॅस्ट्रोजकडून त्याला ६३.५ लाख डॉलर मिळाले. मेजर लीगमधील पहिला सामना मात्र त्याला थेट २०२२ मध्ये, फिलीजकडून लाभला.

फेऱ्यांची संख्या हाही पात्रतेच्या मोलाचा भाग आहे. २०१२ ते २०१९ या काळात ४० फेऱ्या होत. कोविडमुळे २०२० मध्ये त्या केवळ ५ झाल्या आणि २०२१ पासून २० आहेत. पूर्वी शेवटच्या फेऱ्यांत निवडला जाणारा खेळाडू आता पात्र असूनही अनिवडित राहतो.

ज्युनियर कॉलेजचा मार्ग : तीन वर्षांची बंदी नसल्याने घाई असलेला किंवा चार वर्षांच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेला खेळाडू इकडे वळतो. ब्राइस हार्परने हायस्कूलचे दुसरे वर्ष संपताच समकक्ष परीक्षा दिली, सदर्न नेवाडा कॉलेजात एक हंगाम खेळला आणि २०१० मध्ये १७ व्या वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. मायामी-डेडचा माइक पियात्झा १९८८ मध्ये ६२ व्या फेरीत, तर मेपल वुड्सचा अल्बर्ट पुहोल्स १९९९ मध्ये १३ व्या फेरीत निवडला गेला होता. ‘ड्राफ्ट-अँड-फॉलो’ या पद्धतीने संघ खेळाडू निवडून त्याला ज्युनियर कॉलेजात वर्षभर खेळू देत आणि पुढच्या ड्राफ्टआधी करार करत. अँडी पेटिट (निवड १९९०, करार १९९१) आणि मार्क बर्ली हे याच वाटेने आले. २००७ मध्ये ऑगस्टची अंतिम मुदत आल्यावर ती बंद पडली. २०२२ पासून मर्यादित स्वरूपात परतली आहे.

सल्लागाराचा प्रश्न : खेळाडूने वकील वा एजंटमार्फत संघाशी बोलणी केल्यास एनसीएए त्याला अपात्र ठरवी. ओक्लाहोमा स्टेटच्या अँडी ऑलिव्हरने याविरुद्ध दाद मागितली. २००९ मध्ये ओहायोतील न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षी ७,५०,००० डॉलरवर तडजोड झाली. तडजोडीमुळे निकालाचे बंधनकारक मूल्य मात्र उरले नाही.

भारतीय संदर्भ : ड्राफ्टच्या भौगोलिक कक्षेबाहेरचे खेळाडू कोणत्याही संघाशी थेट करार करतात. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांनी २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सशी केलेला करार त्या प्रकारचा. त्यांना वर्ष वा वयाच्या वरील अटी लागू नव्हत्या. याउलट, मातृकुळ भारतीय असलेला कुमार रॉकर अमेरिकेतच वाढल्याने पूर्णपणे ड्राफ्टच्या कक्षेत होता. व्हँडरबिल्टकडून खेळल्यावर २०२१ मध्ये मेट्सने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडले, परंतु वैद्यकीय तपासणीनंतर करार केला नाही. महाविद्यालयात न परतता तो स्वतंत्र फ्रंटियर लीगमध्ये खेळला आणि २०२२ मध्ये टेक्सस रेंजर्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले.