१९२ किलोहर्ट्झची फाइल आणि आपले कान

‘सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झमध्ये बारकावे गळतात, १९२ची फाइल घ्या,’ असं वर्षानुवर्षं फिरतंय. पटतंही; आकडा मोठा आहे ना! पण हे आकडे सॅम्पलिंगच्या दराचे, म्हणजे आवाज सेकंदाला किती हजार वेळा मोजला जातो त्याचे; आणि त्या दराच्या जवळपास निम्म्यापर्यंतचे सूर पुरते नोंदले जातात. ४४.१ म्हणजे साधारण २२ किलोहर्ट्झपर्यंत. तरुण कानाची धाव २०पर्यंत, वयानुसार आणखी कमी.

मग फरक ऐकू येतो तो? बहुधा मास्टरिंगच, म्हणजे गाण्यावरचा शेवटचा ध्वनी-संस्कारच, वेगळं असतं. किंवा एक फाइल किंचित मोठ्याने वाजते, आणि कानाला ती मोठी नाही, ‘खुललेली’ वाटते.

१९२ची फाइल स्वतःच ४४.१मध्ये बदला, आवाजाची पातळी जुळवा, फूबार२००० या म्युझिक प्लेअरच्या एबीएक्स चाचणीत, वाजणारी फाइल दोन्हींपैकी कोणती, ते न बघता ओळखा. १६ फेऱ्यांपैकी किमान १२ बरोबर नुसत्या अंदाजाने येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. आठ-नऊ आले, तर ती नाणेफेकच.