जर्मनभाषकांचा इंग्रजी जर-तर वाक्यांचा सराव

जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडचा जर्मनभाषक भाग येथील शाळांत इंग्रजीच्या तासाला संकेतार्थी, म्हणजे जर-तर वाक्यांचा खास सराव करून घेतात. या वाक्यांचे शाळेतले नाव ‘इफ-झेत्सं’. ‘झेत्सं’ म्हणजे वाक्ये. त्यांचे टाइप 1, 2 आणि 3 असे प्रकार शिकवले जातात : घडू शकेल अशी अट, नुसती कल्पनेतली अट आणि वेळ निघून गेलेली अट.

खरी अडचण दुसऱ्या प्रकारापासून सुरू होते. ‘मला वेळ असता तर मी आलो असतो’ या मराठी वाक्यात ‘असता’ आणि ‘असतो’ दोन्ही बाजूंना येतात. जर्मनचेही तसेच आहे. ‘वेन इश त्साइट हेटं, व्युर्डं इश कोमन’ या वाक्याच्या दोन्ही भागांत ‘कोन्युंक्टिव्ह 2’ हे कल्पनेतली गोष्ट सांगणारे एकच क्रियापदरूप चालते आणि बोलताना ‘व्युर्डं’ पुष्कळदा दोन्हीकडे येते. ‘व्युर्डं’ म्हणजे ‘वुड’ हे एकदा डोक्यात बसले, की मुले ‘इफ आय वुड हॅव टाइम, आय वुड कम’ असे लिहितात. इंग्रजीला हवे असते ‘इफ आय हॅड टाइम’. ही चूक निष्काळजीपणाची नाही. विद्यार्थी आपल्या भाषेचा नियम इमानाने पाळत असतो, हे शिक्षकाने आधी समजून घ्यायला हवे. ‘इफ’ आणि ‘वुड’ एकत्र आले की इंग्रजी ‘कापुट’, म्हणजे मोडीत, अशा अर्थाचे यमक वर्गात पाठ करून घेतात. जर्मन उच्चारात ‘वुड’चे ‘वुट’ होते, म्हणून ते ‘कापुट’शी जुळते. नियम मात्र शंभर टक्के नाही : विनंती करताना ‘इफ यू वुड फॉलो मी’ म्हणतातच.

दुसरा घोटाळा ‘वेन’ या जर्मन शब्दाचा. ‘जर’ आणि ‘जेव्हा’ या दोन्हींसाठी तो एकच आहे, शिवाय इंग्रजी ‘व्हेन’सारखाच ऐकू येतो. ‘व्हेन इट रेन्स टुमॉरो’ म्हटले की ऐकणाऱ्याला पाऊस ठरल्यासारखा वाटतो. यावर एक सोपी कसोटी आहे : ‘वेन’च्या जागी ‘फाल्स’ घालून पाहावे. ‘फाल्स’चा अर्थ फक्त ‘जर’ असल्याने वाक्य जुळले तर ‘इफ’, नाहीतर ‘व्हेन’.

जर्मनची मदतही होते. ‘इफ आय वर यू’मधले ‘वर’ इतर भाषकांना विचित्र वाटते, पण जर्मन ‘वेरं’ हे त्याचे सख्खे भावंड आहे. ‘हॅड आय नोन’ ही ‘इफ’ गाळून क्रियापद पुढे आणणारी रचनाही जर्मनमध्ये रोजची आहे.

सरावाचा नेहमीचा प्रकार म्हणजे गाळलेल्या जागा : कंसात मूळ क्रियापद, शेजारी रिकामी रेघ. वर ‘टाइप 2’ असे छापले असेल तर मूल अर्थ न वाचताच रेघा भरते, आणि एका अर्ध्यात ‘वुड हॅव’ छापलेले असेल तर दुसऱ्या अर्ध्याचे उत्तर तिथेच फुटते. त्यापेक्षा प्रसंग द्यावा : गजर वाजला नाही, गाडी चुकली. आता वाक्य करा. ‘इफ द अलार्म हॅड गॉन ऑफ, वी वुड नॉट हॅव मिस्ड द ट्रेन.’ इथे काळ निवडावा लागतो आणि होकार-नकारही उलटावे लागतात : न वाजलेला गजर वाजवायचा, चुकलेली गाडी पकडायची. तिन्ही प्रकार मिसळलेले असे दहा प्रसंग एकाच साच्यातल्या पन्नास रेघांपेक्षा जास्त शिकवतात.

राहिला स्वल्पविराम. जर्मनमध्ये दोन भागांच्या मध्ये तो सक्तीचा असतो. इंग्रजीत ‘इफ’चा भाग आधी आला तर स्वल्पविराम देतात, मागून आला तर सहसा देत नाहीत. वाक्य बिनचूक जमलेल्या वहीतही हा जास्तीचा स्वल्पविराम हमखास सापडतो.